मोठ्या भोकाचा नोझल
मी पदवीधर झालो तो मासेमारी होडीचे तांडेल असलेल्या माझ्या मामांमुळे. डिझेलचा वास आला की धक्क्यावरचा तो विक्रेता आठवतो, कडक इस्त्रीतला, बोटाला कधी तेल न लागलेला. मामांच्या होडीच्या इंजिनासाठी तो मोठ्या भोकाचा नोझल गळ्यात मारत होता. "डिझेल जास्त फवारलं की होडी पळणारच!" मामा म्हणाले, "काला धूर सोरंल, पिस्टन जलंल." "धूर म्हणजे ताकद, तांडेल!" म्हणत तो फाडफाड इंग्रजी बोलू लागला. मामा माझ्याकडे वळले. "आरं, तू शिकलास, तूच सांग." मी होकार दिला आणि मामांनी तो नोझल बसवून घेतला. पंधरवड्यात भर समुद्रात पिस्टन जळाला, होडी ओढून आणावी लागली. विक्रेत्याने डिझेलला दोष दिला. त्या भामट्याची मला आजही किळस येते, पण नंतर मामांना पाठवलेल्या पत्रात मी एवढेच लिहिले, "मामा, नोझलमधलं मला काही कळत नव्हतं. त्याच्या इंग्रजीला मी हो म्हटलं."