फार्महाऊसच्या गेटवरची कावीळ

"बघा मॅडम, कुणाचे डोळे पिवळे दिसतायत?"

फार्महाऊसच्या मॅनेजरने स्वयंपाकी, माळी, वॉचमन अशा सगळ्यांना स्विमिंग पूलच्या काठावर ओळीने उभं केलं होतं. मी एकेकाच्या डोळ्यांत डोकावत पुढे सरकत होते. सगळे ठणठणीत होते. माळी तर लाजत होता.

मी पनवेल तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात डेटा मॅनेजर आहे. डॉक्टर नाही. गावोगावच्या आशाताई घरोघरी फिरतात आणि कोण आजारी आहे ते मोबाईलवरच्या फॉर्ममध्ये भरतात. ती माहिती आमच्या पोर्टलवर येते. नकाशावर प्रत्येक पेशंटचा एक लाल ठिपका उमटतो. एका जागी ठिपके वाढले की साथीचा अलर्ट येतो. त्या दिवशी काविळीचे नऊ ठिपके आले होते, आणि नऊच्या नऊ या फार्महाऊसच्या गेटवर.

"पार्टीतलं पाणी असणार," आमचे तालुका आरोग्य अधिकारी म्हणाले. "माझी सगळी टीम कॅम्पला गेलीय. तुम्हीच नमुन्याच्या बाटल्या घेऊन जा. पिवळे डोळे तुम्हालाही ओळखता येतील."

मॅनेजर वैतागला होता. "शनिवारी इथे हळद आहे, मॅडम. काविळीचं नाव निघालं तर लोक येतील का? पिवळं म्हणाल तर तेवढंच आहे आमच्याकडे."

मी कपाळाला हात लावून गेटबाहेर आले. समोरच्या रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर एक बाई फोन उंच धरून बसली होती. ओळखीची होती. कुंदाताई, वरच्या करवंदवाडीची आशाताई.

"कुंदाताई, इथे काय करताय?"

"फॉर्म सोडते, मॅडम. वाडीत रेंज नाय. घरी भरून ठेवते न हितं येऊन सोडते."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फॉर्म जिथून सुटतो तिथे ठिपका पडतो. पेशंट कुठे आहे ते पोर्टलला काय माहीत?

"पण गावाच्या रकान्यात वाडीचं नाव टाकायचं ना."

"यादीत आमची वाडीच नाय. म्हनून खालच्या गावाचं टाकते."

ती यादी दरवर्षी मीच तपासते. शेवटी सहीही माझीच असते.

मी सरांना फोन लावला.

"म्हणजे फार्महाऊसमध्ये साथ नाही?"

"नाही सर. वाडीत आहे."

"कुठल्या वाडीत?"

"आपल्या यादीत नाही त्या."

तेवढ्यात कुंदाताईने माझी बाही ओढली. "नऊ नाय मॅडम, अकरा हायत. दोन आता सोडत होते. त्यातली सुमी सात महिन्यांची पोटुशी हाय."

पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांना अंथरुणात पाडून निघून जाते. गरोदर बाईचा मात्र ती जीव घेऊ शकते, एवढं डॉक्टर नसूनही मला माहीत होतं. सरांनी फोनवरच ॲम्ब्युलन्स सोडली. आम्ही दोघी वाडीची पायवाट धरली.

सुमी झोपडीत भिंतीला टेकून बसली होती. डोळे खरंच हळदीसारखे. दारात तिचे आजोबा, वाडीचे जुने कातकरी पुढारी गोमाकाका. ते बाजूला होईनात.

"तुमी येता, नावं लिवून नेता. फुडं काय झालं त्ये कुनी सांगाया येत नाय."

"मी येईन सांगायला."

"आदी ह्ये सांग. पोरगी वाचंल?"

"आज दवाखान्यात गेली तर डॉक्टर सगळं करतील. उद्यावर टाकलंत तर मला काही सांगता येणार नाही."

गोमाकाकांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग काठी उचलली आणि सुमीच्या आधी तेच उतार उतरायला लागले.

ॲम्ब्युलन्स गेल्यावर मी पाणी कुठून आणता ते विचारलं. मे महिना होता. वाडीची विहीर आटली होती. बायका खाली ओढ्यात खणलेल्या डवऱ्यातून पाणी भरत होत्या. कुंदाताई मला तिथे घेऊन गेली. डवरा फार्महाऊसच्या मागच्या भिंतीखालीच होता. भिंतीच्या तळातून काळपट पाण्याची एक धार ओढ्याकडे येत होती. संडासाची टाकी फुटलेली होती. मी बाटल्या भरल्या, पण वासच पुरेसा होता.

म्हणजे पोर्टलचा ठिपका चुकून बरोबर जागी पडला होता. हे मी सरांना सांगितलं. रिपोर्टमध्ये 'चुकून' हा शब्द त्यांनी येऊ दिला नाही.

टाकी दुरुस्त होईपर्यंत फार्महाऊस बंद राहिलं, हळद दुसरीकडे झाली. वाडीला पावसापर्यंत टँकर सुरू झाला. सुमीला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. करवंदवाडी यादीत आली, फक्त 'करंदवाडी' या नावाने. दुरुस्तीचा अर्ज केलाय.

आता दर सोमवारी मी कुंदाताईच्या फोनवर गोमाकाकांसाठी आवाज रेकॉर्ड करून पाठवते: या आठवड्यात वाडीत कोणत्या आजाराचे किती पेशंट. ती रेंजमध्ये उतरली की तो घेऊन वर जाते. पहिल्याच वेळी गोमाकाकांचं उत्तर आलं, "तापाचे तीन म्हनलीस. पाच हायत. दोगं काल वीटभट्टीवरनं आलेत."

तेव्हापासून मी आकडे आधी वाडीला सांगते, मग वरच्या कार्यालयात पाठवते. वरून आजवर कुणी चूक काढलेली नाही.