खड्डा आला की सांगायचं

मास्तर कपडे शिवायचे. चौकाच्या कोपऱ्यावर त्यांची एक खोली, खिडकीशी मशीन, दोरीवर उलट्या टांगलेल्या पँटी. मागच्या खोलीत संसार. मास्तर अबोल होते, त्यामुळे गिऱ्हाइकांशी बोलायचं काम बायकोचं. तिला सगळे मास्तरीण म्हणायचे. चाळिशी उलटल्यावर तिचे डोळे हळूहळू गेले. तरी कापड चिमटीत धरलं की ती सांगायची, हे धुतल्यावर आटणार. आणि ते आटायचंच.

डोळे होते तोवर ती सायकलवरून गावभर हिंडायची. ते सुटलं तशी ती खुर्चीत बसून राहायला लागली. कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायची, तेवढंच. मग मास्तरांनी जोडसायकल आणली. पुढे मास्तर, मागे ती. दुकान बंद केलं की दोघं कालव्याच्या रस्त्यानं तळ्यापर्यंत जायची. डोळे गेले पण वारा तेवढा राहिला, असं ती शेजारणीला सांगायची.

जोडसायकलीचा नियम एकच. पुढच्यानं मागच्याला सगळं सांगायचं. मास्तर म्हणायचे, "वळण." म्हणायचे, "चढ." आणि "खड्डा" म्हटलं की ती पायडलवर भार देऊन सीटवरून किंचित उठायची. दणका खालून निघून जायचा. घरात दोन शब्द न बोलणारा माणूस तळ्यापर्यंत अखंड बोलायचा. म्हणूनच जोडसायकल घेतली, नवऱ्याला बोलतं करायला, असं ती भावाला ऐकवायची.

कालव्याचा रस्ता उखडत गेला. मास्तरांच्या मनगटांना दणके बसू लागले. बोटांना मुंग्या यायच्या, सुई ओवता येईना. एका कोटाची बाही वाकडी बसली. गिऱ्हाइकानं तक्रार केली नाही. ते पुन्हा आलंच नाही. मास्तरणीनं सायकल बंद करू म्हणून सांगितलं. मास्तरांच्या डोळ्यांपुढे ती खुर्ची आली.

ते सायकलवाल्याकडे गेले. पुढच्या चाकाला दणके गिळणारा शॉकअपचा चिमटा हवा म्हणाले. साधा चिमटा दोघांच्या भारानं वाकेल, असं म्हणून सायकलवाल्यानं जाड नळ्यांचा मागवून दिला. बसवला मात्र मास्तरांनीच. मापाचं काम दुसऱ्यावर सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. शर्ट असो की शॉकअप, अंगावर घालूनच बघायचा.

शॉकअपमध्ये हवा भरायची होती. नळीवर रबराची एक बारीक कडी असते. माणूस बसला की चिमटा दबतो आणि कडी सरकते. किती सरकली त्यावरून हवा कमीजास्त करायची. मास्तर भिंतीला हात टेकून पुढच्या सीटवर बसले. कडी चांगली बोटभर सरकली. मग त्यांनी बायकोला मागे बसायला सांगितलं. कडी जेमतेम हलली.

"बसलीस का गं?"

"मघाचीच बसलेय. वजन करताय की माप घेताय?"

मास्तर हसले. तुझं वजन पुढे पोचतच नाही, म्हणाले. चिमट्याच्या तळाशी एक बटण होतं. त्याच्या एका बाजूला ससा, दुसऱ्या बाजूला कासव. दबलेला चिमटा झटकन वर यावा की सावकाश, ते त्यानं ठरायचं. बायको मागे बसणार, म्हणून मास्तरांनी ते कासवाकडे फिरवलं.

त्या संध्याकाळी मास्तरांना आपले हात पाण्यावरून चालल्यासारखे वाटले. महिनाभरात मुंग्या गेल्या. सुई ओवली जाऊ लागली. ते मशीनवर बसून गुणगुणायला लागले.

आणि सायकलवर गप्प झाले. ठरवून नाही. मोठे खड्डे ते चुकवायचेच. लहानसहान दणके आता हातांना कळेनात, म्हणून तोंडाला सुचेनात. रस्ता सुधारला असं त्यांना खरंच वाटलं.

मास्तरीण अधूनमधून नको म्हणू लागली. कधी डोकं धुवायचं असायचं, कधी शेजारीण येणार असायची. मास्तरांना वाटलं, चिमटा अजून कडक आहे. त्यांनी हवा कमी केली. ती पुन्हा नको म्हणाली. त्यांनी आणखी कमी केली.

एके सकाळी तिला अंथरुणातून उठता येईना. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालीत, मणका दबलाय. पडलात का? नाही. कुठे दणका बसला? ती म्हणाली, आठवत नाही. मास्तर शेजारी उभे होते. ते डॉक्टरांना समजावून सांगू लागले, आमच्या सायकलला शॉकअप आहे, तिला धक्का म्हणून लागत नाही.

ती पडून होती तेव्हा मास्तरांनी सायकल पुसून काढली. ती बरी झाली की चिमटा लोण्यासारखा चालला पाहिजे. एकट्याला दोघांच्या भारानं हवा तपासता येईना, म्हणून मेव्हण्याला, तिच्या भावाला, बोलावलं. तो बस चालवायचा, आडव्या अंगाचा. त्याला पुढे बसवलं आणि स्वतः बायकोच्या सीटवर बसले. कालव्याच्या रस्त्याला लागल्यावर चिमट्याचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून त्यांनी डोळे मिटले.

मेव्हण्याला सांगायचा नियम माहीत नव्हता.

पहिला दणका माकडहाडात बसला आणि मानेपर्यंत गेला. दुसरा त्याच्या पाठोपाठ. मागचं सीट थेट मागच्या चाकावर, मध्ये काही नाही. मेव्हणा पुढून मजेत म्हणाला, "भावोजी, गादीवर बसल्यासारखं वाटतंय हो." मास्तरांनी त्याला थांबायला सांगितलं. उरलेला रस्ता ते सायकल हातात धरून चालत आले. मेव्हण्यानं काय झालं म्हणून विचारलं.

घरी येऊन मास्तर तिच्या खाटेशी बसले.

"तू सांगितलं का नाहीस?"

तिनं त्यांचा हात चाचपडत शोधला. एकेक बोट वाकवून पाहिलं, कापड पाहायची तसं.

"मुंग्या येतात का आता?"

"नाही."

"मग झालं तर."

मास्तरांनी मागच्या सीटखाली स्प्रिंगचा दांडा बसवला. स्पंजाचा जाड थर घालून गादी शिवली. डॉक्टरांनी सायकलचं नाव काढू नका म्हणून सांगितलं. जोडसायकल बोळात, भिंतीला टेकून राहिली.

आता दोघं चालत जातात. कोपऱ्यावरच्या दिव्यापर्यंत, त्याच्या पुढे तिची पाठ जाऊ देत नाही. तिनं त्यांचं कोपर धरलेलं असतं. फरशीची फट आली की मास्तर म्हणतात, "खड्डा." गटाराचं झाकण आलं की म्हणतात, "खड्डा." काही नसलं तरी म्हणतात.

"अहो, चालतोय आपण," ती सांगते.

ते ऐकत नाहीत. ती मान थोडी वर करून उभी राहते, गालावर काही लागतंय का बघत. चालताना वारा लागत नाही.