वाटेल तेव्हा उठून जाता येईल

रविवारचं जेवण जरा अंगावर येतं. माझी बायको उज्ज्वला आतल्या खोलीत आडवी झालीय, पंखा कुरकुरतोय, आणि मी सोफ्यावर तंगड्या पसरून पोरांनी काढलेली ॲपची चित्रं तपासतोय. पोरं म्हणजे कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची, तिसऱ्या वर्षाची. त्यांना मी यूजर एक्स्पिरियन्स डिझाइन शिकवतो. आपण केलेलं ॲप दुसऱ्या माणसाला वापरता येतं का, हे बघायला शिकवतो म्हणा ना. पोरांना वाटतं, बटण दाबलं आणि प्रोग्रॅम चालला की संपला विषय. डोंबलाचा संपला.

म्हणून दरवर्षी मी चाचणी ठेवतो. ज्यानं ॲप कधी पाहिलेलं नाही अशा माणसाच्या पुढ्यात ते ठेवायचं आणि शेजारी बसून बघायचं. त्या माणसानं मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं. ज्यानं ॲप केलंय त्यानं मात्र तोंडातून ब्र काढायचा नाही. ‘तिथं नाही हो, इथं दाबा’ एवढं म्हटलं तरी चाचणी बाद. पोरांना हे फार जड जातं. मला तर त्याहून जड जातं, कारण मी जन्माचा बोलभांड.

आणि दरवर्षी ते माणूस म्हणजे माझी थोरली बहीण. अक्का विट्याहून एसटीनं यायची. तिच्याइतकं मोठ्यानं विचार करणारं दुसरं कुणी मी बघितलेलं नाही. ‘ही पिशवी कशाला काढलीय बाई? मी काय बाजाराला निघालेय?’ असं म्हणत ती पोरांचं सहा महिन्यांचं काम मोडीत काढायची आणि वर त्यांना डब्यातले लाडू वाटायची. यंदा संक्रांतीनंतर ती गेली. उद्या चाचणी आहे. तिच्या खुर्चीत कुणाला बसवायचं हे मी ठरवलेलं नाही, ठरवायचंही नाही. मला तीच हवी आहे.

डोळे जड होतात. हातातला कागद छातीवर येतो. पंख्याचा आवाज लांब लांब जातो.

“पाय आवर की जरा. मी बसू कुठं?”

अक्का आहे. मी पाय आवरतो. नवल काही वाटत नाही, नुसतं बरं वाटतं. सोफा आमचाच आहे, पण तो कॉलेजच्या लॅबमध्ये आहे आणि खिडकीबाहेर विट्याचा एसटी स्टँड दिसतोय.

“दाखव काय ते,” ती म्हणते. माझ्या हातात फोन आहे. तिला नीट दिसावं म्हणून मीच तो तिच्यापुढं धरतो.

“कुणी केलंय?”

“मी.”

“मग तू गप्प बसायचं,” असं म्हणून ती पहिलं बटण दाबते.

“हं, आता कुठं आले मी? ओढा दिसतोय.” पाणी तिच्या घोट्यापर्यंत आहे. शाळेला जाताना हा ओढा लागायचा. माझं दप्तर तिच्या डोक्यावर आहे आणि मी तिच्या कडेवर, पन्नाशी उलटलेला, चष्म्यासकट. तिला वजन होत नाही. “छान केलायस,” ती म्हणते. “पुढं बघू.”

मांडव. तिच्या लग्नाचा. पंगतीत माझे विद्यार्थी बसलेत, प्रत्येकापुढं पत्रावळ आणि लॅपटॉप. तब्बसुम मुलाणी, यंदाच्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, जिलबी वाढतेय. अक्का शालूत आहे आणि केस पांढरे आहेत. “अगंबाई, तू त्या खांबाआड रडत होतास, ते पण घातलंयस का?” ती हसते. मी खांबाआड बघतो. मी तिथं आहे.

ती दाबत जाते. आमचं स्वयंपाकघर येतं, तिथं ती आणि उज्ज्वला माझी नक्कल करून हसतायत. मग लॅब. मग पुन्हा ओढा. पुन्हा मांडव. तिचं बोट आता हळू चालतं.

“दिगू, सगळं आहे रे ह्यात,” ती म्हणते. “एक गोष्ट विसरला नाहीस. पण बाहेर कुठनं पडायचं?”

मी गप्प बसतो. नियमच आहे तसा, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो मला सोयीचा वाटतो. बाहेर पडायचं बटण आहे. मीच केलंय, मला ठाऊक नसेल का? खालच्या कोपऱ्यात आहे आणि त्यावर माझा अंगठा आहे.

आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसलोय. तिच्या साडीचा काठ ओढ्याच्या पाण्यानं अजून ओला आहे. “दमले रे मी,” ती म्हणते. तक्रार करत नाही, मोठ्यानं विचार करतेय फक्त.

तब्बसुम जिलबीचं ताट घेऊन समोर उभी आहे. “सर,” ती म्हणते, “तुम्ही पहिलं वाक्य म्हणालाच नाहीत.”

चाचणी सुरू करण्याआधी समोरच्या माणसाला एक वाक्य सांगायचं असतं. पोरं ते हमखास विसरतात आणि मी त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावतो. परवाच मी ह्या पोरीवर त्यावरून तापलो होतो.

“कुठलं गं वाक्य?” अक्का विचारते.

“सरांना माहितीये.”

मला तब्बसुमचा भयंकर राग येतो. “तू जा, जेवून घे,” मी म्हणतो आणि ती निमूट जाते. अक्का माझ्याकडं बघत राहते.

“थांब की जरा,” मी म्हणतो. “उद्या चाचणी आहे. पोरं वाट बघतायत तुझी.”

“पोरं बघतायत का तू?”

“मी.”

“मग तसं म्हण की.”

“अक्का, मला करमत नाही गं. काही झालं की तुला सांगायला अजून फोन उचलतो मी. मग आठवतं.”

“ठाऊक आहे मला. म्हणून तर एवढी बसले.” ती माझ्या डोक्यावरून हात फिरवते. हात गरम आहे. “आता सांग ते वाक्य.”

वर्गात मी हे वाक्य चहा मागवावा इतक्या सहज म्हणतो. आत्ता एकेक शब्द जुळवावा लागतो.

“अक्का,” मी म्हणतो, “परीक्षा ह्या ॲपची आहे, तुझी नाही. आणि तुला वाटेल तेव्हा उठून जाता येईल.”

“कारण सांगावं लागतं?”

“नाही. काही कारण सांगावं लागत नाही.”

मी अंगठा उचलतो.

ती लगेच दाबते. मला वाटलं होतं, थोडी थांबेल. “दिसलं बघ,” ती म्हणते. “चांगलं ठळक केलंयस.”

आम्ही आमच्याच घराच्या पुढच्या दाराशी आहोत. ती पदर सावरते. दाराची कडी घट्ट बसलीय, तिला निघत नाही. मी पुढं होतो आणि काढून देतो. ऊन आत येतं.

“येते रे,” अक्का म्हणते.

“ये,” मी म्हणतो.

जाग येते तेव्हा मी सोफ्यावर आहे. कागद फरशीवर पसरलेत, उशी गालाशी ओली आहे. पुढचं दार सताड उघडं आहे. कडी लोंबतेय आणि ऊन पार टीपॉयपर्यंत आलंय.

उज्ज्वला केस बांधत बाहेर येते. “दार कुणी उघडलं?”

“मी. अक्काला सोडायला.”

ती माझ्याकडं बघते, मग दाराकडं. आता कपाळाला हात लावून ताप बघणार, असं मला वाटतं.

“मग मला उठवायचं नाही का?” ती म्हणते. आवाजात खरा राग आहे. “कुंकू न लावताच पाठवलंत वन्संना?”

ती आत जाते, करंडा घेऊन येते आणि दारात बसते. आधी हळदीचं बोट उंबऱ्याला टेकवते, मग कुंकवाचं.

“फार लांब गेल्या नसतील अजून,” ती म्हणते.