कोणीही हात न लावलेली कॅसेट

दिगू गेल्याचा फोन ऑफिसात आला, तेव्हा मी ऑडिटरसमोर फायली उघडून बसलो होतो. जुफैरच्या साइटवरून त्याचा फोरमन बोलत होता. "आपका रूममेट, दिगंबर... हार्ट अटॅक. खलास." बहारीनमध्ये सिमेंट संपलं तरी खलास आणि माणूस संपला तरी खलासच. दिगू तीन वर्षं घरी गेला नव्हता. सुट्टीचा अर्ज टाकला की मॅनेजर गोड हसून "पुढच्या महिन्यात, इंशाल्ला" म्हणायचा. मेल्यावर मात्र त्याचे कागद भराभर झाले. माणसाला जिवंतपणी घरी सोडायला जी कंपनी का-कू करते, ती त्याला पेटीत घालून किती तत्परतेने पाठवते, हे मी त्या आठवड्यात पाहिलं.

मग तिथल्या आमच्या मराठी मंडळाची शोकसभा झाली. आमचे सेक्रेटरी देशमुखसाहेब, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. चष्मा पुसत म्हणाले, "दिगंबर म्हणजे संगीताचा दर्दी माणूस." मी मागच्या रांगेत ओठ चावत बसलो. दिगूच्या संगीताविषयी याच साहेबांचं मत मी याच कानांनी ऐकलं होतं.

झिंजच्या आमच्या खोलीत दिगू राहायला आला तो एक टेपरेकॉर्डर घेऊन. मालवणकडचा ड्राफ्ट्समन, घरी आई आणि थोरला भाऊ. पत्र लिहायचा कंटाळा म्हणून तो कॅसेटवर बोलून ती गावी जाणाऱ्या कुणाच्यातरी हाती द्यायचा. घरचे ती ऐकायचे आणि त्याच कॅसेटवर आपलं उत्तर भरून परत पाठवायचे. त्यांचं ऐकून झालं की हा त्यावर पुन्हा आपलं भरायचा. गल्फमधल्या कितीतरी घरांची हीच रीत होती. चांगली कॅसेट वाया कोण घालवणार?

एकदा त्याच्या ऑफिसातल्या फिलिपिनो मित्राने त्याला एका दिवसाच्या बोलीवर एक रॉक अल्बम दिला. कव्हरवर तोंड पांढरं रंगवलेला, डोळ्यांभोवती काजळ फासलेला गायक. आत सलग गोष्ट : समुद्रात बुडालेला कप्तान भूत होऊन आपल्या घरी येतो, दार ठोठावतो आणि बायको भिऊन दार उघडत नाही. कप्तान, बायको, भूत, सगळे तो एकटाच गायचा; भुतासाठी घोगरा आवाज, बायकोसाठी चिरका. दिगू वेडावला. "अरे, ह्यो तर दशावतार! तोच राजा, तोच राकेस, तोच राणी!"

त्याने आपल्या टेपरेकॉर्डरसमोर मित्राचा टेपरेकॉर्डर ठेवला आणि कॉपी करायला बसला. आवाज येतो म्हणून भर ऑगस्टात एसी बंद. आम्ही घामाने निथळत होतो आणि हा डोळे मिटून गुणगुणत होता. मध्येच खोकला. मी वैतागून म्हटलं, "तुझा खोकलापण भरला गेला त्यात." म्हणाला, "असांदे रे. दशावतारात लोका खोकनत नाय?"

पुढच्या शुक्रवारी देशमुखसाहेब आमच्याकडे जेवायला होते. दिगूने हौसेने ती कॉपी केलेली कॅसेट लावली. त्याला वाटत होतं, गणपतीत मंडळाच्या स्टेजवर असं काहीतरी मराठीत करावं. पहिल्याच किंकाळीला साहेबांनी हात वर केला. "बंद करा हो! हे ऐकणाऱ्याचं डोकं एकदा तपासून घ्यायला हवं." सगळे हसले. कुणी म्हणालं, डुकराला कापताहेत. कुणी म्हणालं, गायकाचं पोट दुखतंय. पुरतं कोणी ऐकलं नाही. दिगूही हसला आणि त्याने बटण दाबलं. तो हसला, याचाच मला अजून राग येतो.

पुढे घोळ झाला. सारख्याच दिसणाऱ्या दोन कॅसेटींतली भलतीच त्याने गावी जाणाऱ्याच्या हाती दिली आणि आईला मुलाच्या खुशालीऐवजी भुताच्या किंकाळ्या पोचल्या. खुशालीची कॅसेट त्याने मागून पाठवली, तिच्यावरच भावाचं उत्तर आलं : "असला काय परत धाडू नको. भटजी म्हणतत, घरात अभद्र इला. कोणाक हात लावूक देऊचंय नाय." आईचं मत त्यात नव्हतंच. दिगू खुशीत म्हणाला, "सुट्टी गावली काय आवशीक बाजूक बसवन आयकवतलंय. तिका कळतला." पुढच्या महिन्यात, इंशाल्ला...

मागच्या महिन्यात मी त्याची बॅग घेऊन त्याच्या घरी गेलो. आईने कपड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. "त्येचो आवाज हा काय रे तुझ्याकडे?" बॅगेतली एकुलती कॅसेट मी लावली, तर तीवर भावाची तीच तंबी. घरातल्या सगळ्या कॅसेटींवर भावाच्या पोरांच्या कविता आणि भजनं. इतक्या वर्षांचं दिगूचं बोलणं त्यांनी आपल्या हातांनी, काटकसर म्हणून पुसून टाकलं होतं. भाऊ मान खाली घालून उभा होता. मला त्याची कीव आली नाही.

आई उठली. देव्हाऱ्यामागून लाल फडक्यात गुंडाळलेली एक कॅसेट तिने काढली. भटजींच्या धाकाने तिला कोणी हात लावला नव्हता, म्हणून तीवर कोणी काही भरलंही नव्हतं. तिने सराईतपणे बटण दाबलं. भूत किंचाळलं, दार ठोठावलं गेलं.

"राकेस मेलो आरडता, आरडांदे," ती म्हणाली. "त्येच्या पाठसून माझो झील गुणगुणता, आयकलंस?"

मी कान दिला. ऑगस्टातली ती बंद खोली, तो घाम... गिटारींच्या गदारोळाखाली बारीक, बेसूर गुणगुण चालू होती.

तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. "थांब. आता खोकतलो."

आणि दिगू खोकला.