लाल-निळ्याची उलटापालट

किस्से घडायला मजेदार माणसं लागतात असं लोकांना वाटतं. खोटं आहे ते. किस्से साचायला नुसती वाट बघत बसणारी माणसं लागतात. आमचा ग्रुप दोन हजार सालानंतरची कितीतरी वर्षं काळी स्क्रीन उजळायची वाट बघत बसला होता. किस्से आमच्याकडं साचले नसते तरच नवल.

ग्रुप म्हणजे आम्ही तिघं. नाशिक रोडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, रविवारी तिथंच बसायचो. सुषमाताई पॉलिटेक्निकला शिकवायच्या. खरा कोड त्याच लिहायच्या. तिसरा पिंगळे, मखमलाबादकडचा, घरचा भाजीपाला. सकाळी मार्केटला माल टाकून, अंगाला कोथिंबिरीचा वास घेऊनच यायचा.

काम काय, तर लिनक्स या फुकटच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ग्राफिक्स ड्रायव्हर. म्हणजे कॉम्प्युटरच्या मनातलं चित्र स्क्रीनच्या कार्डाला समजावून सांगणारा दुभाष्या. कार्डाची भाषा कंपन्या सहसा सांगत नाहीत. म्हणून जगभरातली आमच्यासारखी रिकामटेकडी माणसं ती अंदाजानं शोधतात, लिहितात आणि फुकट वाटतात. ड्रायव्हर या शब्दावरचे सगळे विनोद माझ्या सासऱ्यांनी करून झालेत, तेव्हा ते परत कुणी करू नयेत.

*

हे दुखणं आमच्या मागं लावलं गावित सरांनी. पेठच्या पुढं डोंगरात त्यांची शाळा. मुंबईच्या कुठल्याशा ऑफिसनं भंगारात काढलेले कॉम्प्युटर त्यांनी हातापाया पडून शाळेला आणले होते. एका रविवारी त्यातला एक गोणपाटात बांधून, एसटीत मांडीवर घेऊन ते दुकानात आले.

"काय होतंय याला?" मी विचारलं.

"हेडमास्तर निळे दिसतात," गावित सर म्हणाले.

चालू करून त्यातला त्यांचा फोटो बघितला. खरंच निळे. त्या जुन्या कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये लाल आणि निळा यांची अदलाबदल झाली होती. लाल असेल ते निळं दिसायचं, निळं असेल ते लाल.

"पोरांचं काय अडत नाय," सर म्हणाले, "ती चित्रं काढतात त्याच्यावर. पण जिल्ह्याचे साहेब बघायला येणार हायेत. मशीन धड नसतील तर उचलून दुसऱ्या शाळेला देऊ म्हणतात. मग आमच्या पोरांना कॉम्प्युटर दिसायचा तो नाशिकला, रिझर्वेशनच्या खिडकीतून."

सुषमाताईंनी चष्मा पुसला. "एका ओळीचं काम आहे, सर. पुढच्या रविवारी घेऊन जा."

त्यानंतर दोन पावसाळे गेले. साहेबांचा दौराही सरकारी, तोही पुढं पुढं ढकलला जात होता, एवढंच आमचं नशीब.

*

ते कार्ड आम्ही काढून माझ्या दुकानातल्या मशीनला बसवलं. एक ओळ बदलली की सगळं परत कम्पाईल करायचं, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवायचं, आणि तासन्‌तास बसायचं. बहुतेक वेळा शेवटी स्क्रीन काळीच. त्यात ते दिवस लोडशेडिंगचे. लाईट गेली की परत पहिल्यापासून.

पिंगळेच्या मोटरचंही तेच रडगाणं, त्यामुळं लाईटीचं वेळापत्रक त्याला तोंडपाठ. तो आला की सुषमाताई आधी विचारायच्या, "आज कधी जाणार?" तो सांगेल त्याप्रमाणं आम्ही काम लावायचो. एकदा त्याचा हिशोब चुकला. कम्पाईल संपत आलं आणि पंखा थांबला.

पिंगळे म्हणाला, "ताई, माझं पण निम्मं वावर कोरडंच राहिलं हो."

*

मग एका रविवारी रंग जुळले. हेडमास्तर चांगले गव्हाळ दिसायला लागले. सुषमाताईंनी लगेच परदेशातल्या मेंटेनरला मेल टाकली. मेंटेनर म्हणजे त्या ड्रायव्हरचा राखणदार. तो हो म्हणाल्याशिवाय आपली दुरुस्ती, म्हणजे पॅच, पुढं जात नाही. ताईंनी लिहिलं, "प्रत्यक्ष कार्डावर तपासलं आहे. उत्तम चालतं." आम्ही भत्ता मागवला, पोटभर खाल्ला.

सांडलेले शेव-मुरमुरे झाडायला पिंगळे मशीनच्या मागं वाकला तो वाकलेलाच राहिला.

"ताई, मॉनिटरची वायर कार्डाला लावायची असती ना?"

वायर मशीनच्या मूळच्या, मदरबोर्डवरच्या सॉकेटात होती. त्या सकाळीच धूळ पुसताना काढली आणि दिसेल तिथं खुपसली. ज्या कार्डासाठी जीव काढत होतो ते बिचारं शेजारी थंड बसून होतं. आम्ही दुसऱ्याच कुणाच्या रंगांचं कौतुक करत होतो.

सुषमाताईंनी दुसरी मेल टाकली, झालं ते खरं खरं लिहिलं. मेंटेनरचं उत्तर आलं, "माझ्याकडूनही झालंय हे." इतक्या वर्षांत त्या माणसाच्या तोंडून निघालेलं हे एकच गोड वाक्य.

*

खरी ओळ पुढच्या उन्हाळ्यात सापडली. पाठवली. परत आली, कारण ओळीच्या शेवटी रिकाम्या जागा राहिल्यात. त्या काढून पाठवली. परत आली, मेल साध्या मजकुरात नाही. तसं करून पाठवली. परत आली, वरचं शीर्षक लांब आहे.

"पीएचडीचा गाईड बरा होता माझा," सुषमाताई म्हणाल्या. "त्याला निदान दिवाळीचा फराळ तरी देता यायचा."

*

एवढं करून मेंटेनरनं काय कळवावं? हे कार्ड आता कुणी वापरत नाही, सबब पुढच्या व्हर्जनमधून ड्रायव्हरच काढून टाकतो. त्या दिवशी सुषमाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू.

ताईंनी लिहिलं की पेठला एक शाळा वापरते. उत्तर आलं, त्यांना नवं कार्ड घ्यायला सांगा. आम्ही गावित सरांना फोन लावला.

सर शांतपणे म्हणाले, "त्याला म्हणावं, एकदा पेठला ये. नवं घ्यायचं का जुनं चालवायचं, इथं बसून ठरवू. नागलीची भाकर खाऊ घालतो."

ताईंनी वैतागून ते जसंच्या तसं इंग्रजीत लिहून पाठवलं. आठवड्यानं उत्तर आलं. "पॅच घेतला. ड्रायव्हर राहू देतो. नागली म्हणजे काय?"

*

त्याच आठवड्यात गावित सरांचा फोन आला, साहेब परवा येतायत. आम्ही तिघं सकाळच्या एसटीनं सीडी घेऊन पेठला गेलो, तिथून जीपनं शाळेत.

सरांनी सगळं मांडून ठेवलं होतं. मधल्या मॉनिटरवर स्वागताचा म्हणून खुद्द साहेबांचा फोटो, निळा पडलेला. बाकीच्या मॉनिटरवर पोरांची चित्रं. लाल कौलं, निळं आभाळ, हिरवी शेतं.

"तेवढा साहेबांचा रंग सरळ करा," सर म्हणाले.

सुषमाताईंनी एकेका मशीनवर नवा ड्रायव्हर टाकला. साहेब माणसात आले. सरांनी हात जोडले. मग चित्रं उघडली.

आभाळ लाल. कौलं निळी. फक्त शेतं तेवढी हिरवी.

पोरांनी इतके दिवस डोळ्याला निळं दिसेल तेच आभाळात भरलं होतं. मशीनच्या आत तो रंग लाल होता. आम्ही मशीन सरळ केलं आणि चित्रं उलटी झाली. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

"चित्रांचे रंग बदलता येतील," सुषमाताई म्हणाल्या, "पण वेळ लागेल. जुना ड्रायव्हर परत टाकणं लवकर होईल."

खालच्या वळणावर साहेबांची गाडी दिसायला लागली होती. गावित सरांनी एकदा साहेबांच्या फोटोकडं बघितलं, एकदा लाल आभाळाकडं.

"जुना टाका," ते म्हणाले. "साहेब निळे होतील ते होतील."

ज्या ओळीसाठी एवढी वर्षं घातली ती ताईंनी आपल्या हातानं काढली. त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

साहेब आले. आपल्याच फोटोपुढं उभे राहून म्हणाले, "हे कोण?"

"मशीन जुनं हाय, साहेब," गावित सर म्हणाले.

मग साहेब चित्रांकडं वळले ते हलेनात. एकेका खुर्चीमागं थांबले. एका पोरीला यातलं तुझं घर कोणतं, असं विचारलं. शेवटी म्हणाले, "ही मशीन इथून हलवायची नाहीत." गावित सर भिंतीला टेकले.

साहेबांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. "आणि ही सगळी चित्रं मला यात द्या. सोमवारी नाशिकला मीटिंग आहे, तिथल्या कॉम्प्युटरवर सगळ्यांना दाखवतो."

पेन ड्राइव्ह भरून दिला. गाडी गेली. सर हात जोडून फाटकात उभे होते. तसेच उभे राहून त्यांनी हळूच विचारलं,

"ताई, सोमवारच्या आधी नाशिकच्या ऑफिसात जाऊन आपला बिघाड टाकून येता येईल का?"