राखेवर उलटा हात

सत्तरच्या दशकाची अखेर असेल. मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर होतो. थंडीच्या दिवसांत पहिल्या पाळीला सायकलवरून जाताना वाटेत एका द्राक्षमळ्याचा राखणदार भेटायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याच्या शेकोटीवर दोन मिनिटं हात शेकायचे आणि निघायचं, एवढीच आमची ओळख.

त्याची शेकोटी गवताच्या खोपीपासून चांगली वीस पावलं लांब असायची. पेटवण्याआधी तो चिमूटभर माती हवेत सोडायचा. ती खोपीकडे उडाली की सगळी लाकडं उचलून दुसऱ्या बाजूला न्यायचा. एवढ्या गारठ्यात ऊब सोडून दारापासून लांब बसणाऱ्या या माणसाचं मला हसूच यायचं.

एके सकाळी तो शेकोटीवर पाणी ओतत होता. एक तांब्या झाला, दुसरा झाला. मी म्हणालो, "बास की आता! राख कधीच पांढरी पडली होती."

त्यानं माझा हात धरला, उलटा केला आणि राखेजवळ नेला. चटका बसून मी हात मागे ओढला.

"पयली खोप जळाली, तवा बी राख पांढरीच व्हती," तो शांतपणे म्हणाला. "म्हातारी माझी आत झोपल्याली. लय मुश्किलीनं काढली. तवापासून डोळ्यांवर इस्वास नाय ठेवत, भाऊ."

मग त्यानं तिसरा तांब्या ओतला आणि तापल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा उलटा हात राखेवर ठेवला.

पाळीभर मी नेहमीसारखे बॉयलरचे काटे वाचले. दुपारी घरी आलो, तर बायको म्हणाली, "शेगडी केव्हाच विझलीय."

मी खाली बसलो आणि उलटा हात राखेवर धरला.