अजून काहीच न ठरवलेल्या पेशी

फोन आला तेव्हा मी जळगावच्या आमच्या प्रयोगशाळेत शालिनीअक्काच्या पेशींच्या फ्लास्कांसमोर उभी होते. धुळ्याहून तिचा भाऊ बोलत होता, "अक्का गेली..." मी "बरं" म्हणाले. अशा वेळी माणूस काहीही बोलून जातो. हलवणाऱ्या यंत्रावर फ्लास्क संथ डुलत होते. यांना अजून कळलेलं नाही, असं उगाच वाटून गेलं.

शालिनीअक्का माझी वरिष्ठ सहकारी आणि हक्काने रागावणारी मैत्रीण. केळीच्या स्टेम सेलवर तिचं संशोधन. एकदा गावी तिच्या आईने विचारलं, "तू दिनभर काय करस वं?" अक्का म्हणाली, "माय, बठ्ठा पेशीस्मा एकच चोपडी शे. पन हरेक पेशी आपला धडा तेवढा वाचस." सगळ्या पेशींत जनुकांचं पुस्तक तेच, पण कुठली जनुकं उघडतात, कुठली मिटून राहतात, त्यावर एक पेशी पान होते, दुसरी मूळ. अक्काने अकरा वर्षं सांभाळल्या त्या पेशींनी अजून काहीच व्हायचं ठरवलेलं नव्हतं. पेशीच्या आत त्यांना कोण थांबवतं, हेच ती शोधत होती. त्यासाठी दर दोन आठवड्यांनी ताजं द्रावण, मग दिवाळी असो की घरचं लग्न. "पोरांना मोठं होऊ देणार आहेस की नाही?" मी चिडवायचे. "मला कळेपर्यंत नाही," ती हसायची... दवाखान्यातल्या शेवटच्या भेटीत मात्र हसली नाही. "त्यांना तसंच ठेव. मला सापडलं नाही ते कुणाला तरी सापडेल." मी शब्द दिला.

स्पिरिटने शाई पुसली जाते, म्हणून अक्का संप्रेरकांच्या बाटल्यांना दोरे बांधायची, एकीला हिरवा, दुसरीला पिवळा. पेशींना थांबवून ठेवणारी कुठली आणि कोंब फुटवणारी कुठली, हे मी कधी विचारलंच नाही. द्रावण तीच करायची. तेराव्यानंतर मी एकटीने केलं. हिरवा दोरा कोंबाचाच असणार, असं धरून पिवळ्या दोऱ्याची बाटली ओतली. नेमकं उलट होतं. मागे एकही फ्लास्क राखून ठेवला नव्हता. दोनेक महिन्यांत सगळ्यांत हिरवी टोकं दिसू लागली. शब्द मोडला होता. मी तिथेच खाली बसून रडले.

एक फ्लास्क घेऊन तिच्या गावी गेले. सगळं खरं सांगितलं. आईने फ्लास्क उन्हात धरला.

"हाई मन्ही पोरनं शे?"

"हो. पण हे वाढायला नको होतं, माय. माझी चूक झाली."

तिने काचेवरून, आतल्या हिरव्या टोकांवर बोट फिरवलं.

"मंग आते यास्ले वाढू देवानं नही का?"

आमच्या कामात फ्लास्क उघड्या हवेत कधी उघडत नाहीत. बाहेरच्या वाऱ्याने सगळं नासतं. माय मोरीजवळची ओली माती हाताने उकरू लागली होती. मी तिच्या शेजारी उकिडवी बसले आणि झाकण काढलं.